समुद्राकाठचा फ्युएल सेल आणि तीन ठिकाणचा गंज

पार्श्वभूमी

गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाजवळच्या एका खासगी धक्क्यावर छोटी केबिन आहे. आत भरती-ओहोटी मोजणारी उपकरणं, एक रेडिओ आणि धक्क्याच्या दिव्यांचा बोर्ड. वीज गेली की हे सगळं पूर्वी डिझेल जनरेटरवर चालायचं. त्याचा आवाज आणि धूर नको म्हणून मालकांनी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीकडून १ किलोवॉटचा हायड्रोजन फ्युएल सेल बसवून घेतला. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यातून तो वीज बनवतो, मागे उरतं ते पाणी. कंपनी म्हणजे एक गाळा, सहा माणसं आणि एक हायड्रॉलिक प्रेस. गाळ्याबाहेर गेलेला हा त्यांचा पहिलाच स्टॅक, म्हणजे एकाला एक लावलेल्या सेलचा गठ्ठा. मी गंजाचं काम करतो, तेही बहुतेक बोटी दुरुस्त करणाऱ्यांसाठी. फ्युएल सेलवाल्यांचा फोन मला पहिल्यांदाच आला.

स्टॅकमध्ये ४० सेल. प्रत्येक सेलच्या मधोमध प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनमचा थर, त्यावर काळा कार्बन पेपर आणि मग धातूची बायपोलर प्लेट. या प्लेटला तीन कामं एकदम करावी लागतात: एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा नाल्यांमधून फिरवायची, दोन्ही वायू वेगळे ठेवायचे आणि एका सेलची वीज पुढच्या सेलला द्यायची. ग्रॅफाइटची प्लेट गंजत नाही, पण ती जाड आणि ठिसूळ. म्हणून इथे ०.१ मिलिमीटर जाडीचा ३१६ एल जातीच्या स्टेनलेसचा पत्रा आणि त्यावर कार्बनचं कोटिंग असा बेत होता.

स्टेनलेसला कसला गंज, असं वाटणं साहजिक आहे. पण सेलच्या आत ६० ते ८० अंश तापमान, कायमचा ओलावा आणि आम्लता असते. पीएच साधारण २ ते ४ च्या दरम्यान. पडदा झिजू लागला की त्यातून फ्लोराइडही सुटतं. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तोच थर वीज अडवतो. तो जाड झाला तर पत्रा टिकतो, पण व्होल्टेज जातं. कोटिंग हवं ते या दोन्हींसाठी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवलेलं लक्ष्य या धंद्यात सगळेच वापरतात: गंजाचा प्रवाह, म्हणजे धातू विरघळताना वाहणारी वीज, चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी, आणि एक चौरस सेंटिमीटर जागेचा संपर्काचा रोध १० मिलिओहमपेक्षा कमी.

१ मायक्रोअँपिअर हे काहीच नाही असं वाटतं. हिशेब करून पाहा. लोखंडाच्या बाबतीत तो वर्षाला ११-१२ मायक्रॉन होतो, म्हणजे १०० मायक्रॉनच्या पत्र्याला भोक पडायला वर्षं लागतील. पण एका वर्षात चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम लोखंड सुटतं, आणि २५ मायक्रॉन जाडीच्या पडद्याचं तेवढ्याच जागेतलं वजन जेमतेम ५ मिलिग्रॅम. बरंचसं लोखंड पाण्याबरोबर निघून जातं, पण जे पडद्यात शिरतं ते प्रोटॉनच्या जागा अडवून बसतं. शिवाय सेलमध्ये थोडं हायड्रोजन परॉक्साइड तयार होतच असतं. लोखंड त्याचे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फार आक्रमक तुकडे, बनवतं आणि ते पडद्यालाच कुरतडतात. बोटीच्या गंजात पत्रा जातो. इथे पत्रा शाबूत राहतो आणि शेजारी मरतो. हे डोक्यात बसायला मला आठवडा लागला.

अडचण

स्टॅक जानेवारीत बसला. एप्रिलपर्यंत ठरावीक लोडला सरासरी सेल व्होल्टेज ०.६८ व्होल्टच्या आसपास होतं. जूनअखेर ते ०.६४ वर आलं आणि जुलैच्या मध्यात ०.६१ वर. पाणी बाहेर पडतं त्या नळीच्या तोंडाशी तांबूस कडा दिसू लागली. पूर्ण लोडला असा स्टॅक तासाला साधारण अर्धा लिटर पाणी बनवतो, आणि ते स्वच्छ असायला हवं.

दोष कोणाचा हे ठरवायला कोणाला वेळ लागला नाही. खिडकीतून समुद्र दिसत होता, खिडकीचे गज सोलवटले होते, केबिनच्या दाराची कडी दर पावसाळ्यात बदलावी लागते. खारं वारं, दुसरं काय! मीही पहिल्या दिवशी हेच म्हणालो, हे लिहून ठेवतो.

पहिला निर्णय: फिल्टर

हवेच्या कॉम्प्रेसरवर कागदी फिल्टर होता. धूळ अडवायला तो ठीक, पण खाऱ्या हवेतले बारीक कण त्यातून सहज जातात. मीठ कॅथोडला, म्हणजे हवेच्या बाजूच्या थराला, पोचलं की क्लोराइड प्लॅटिनमवर बसतं, त्याला हळूहळू विरघळवतं आणि स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतं. सोडियम पडद्यात प्रोटॉनची जागा घेतं. म्हणून जुलैच्या शेवटी बारीक कण अडवणारा फिल्टर आणि त्याच्या आधी पाणी गाळणारा सापळा बसवला. खर्च थोडा, काम एका दुपारचं.

दोन आठवडे व्होल्टेज जागच्या जागी राहिलं. सगळे खूश. मग ते पुन्हा उतरू लागलं.

आता कंपनीच्या प्रमुखांचा कल टायटॅनियमकडे झुकला. "समुद्रात टायटॅनियम चालतं, मग इथे का नाही?" टोयोटाने २०१४ मध्ये मिराई गाडी आणली तेव्हा तिच्यात टायटॅनियमचीच प्लेट होती, हेही त्यांनी सांगितलं. बरोबर आहे, पण तिच्यावरही कार्बनचं कोटिंग होतं, कारण टायटॅनियमचा स्वतःचा ऑक्साइड वीज अडवण्यात स्टेनलेसच्या वरताण. ऑर्डर थांबवा आणि मला दोन बाटल्या पाणी द्या, एवढंच मी मागितलं.

दोन बाटल्या

एक बाटली हवेच्या बाजूच्या पाण्याची, दुसरी हायड्रोजनच्या बाजूच्या. कंपनीतल्या तरुण इंजिनिअर बाईंनी त्या आठवडाभर रोज भरल्या, तारीख घातली आणि ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या.

हवेच्या बाजूच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की किंचित दुधी झाक यायची, म्हणजे क्लोराइड होतं. हायड्रोजनच्या बाजूचं पाणी स्वच्छ राहिलं. पण लोखंड दोन्ही बाटल्यांत निघालं.

माझ्यासाठी प्रकरण इथे उलटलं. सेल चालू असताना धन आयन हायड्रोजनकडून हवेकडे ओढले जातात, उलट नाही, आणि क्लोराइडला पडदा सहसा जाऊच देत नाही. म्हणजे हायड्रोजनच्या बाजूचं लोखंड तिथेच जन्मलेलं होतं. तिथे समुद्राची हवा पोचतच नाही. दोन्ही पाण्यांत फ्लोराइडही सापडलं, म्हणजे पडदा झिजत होता.

दुसरा निर्णय: उघडायचा का?

स्टॅक उघडला की गास्केट वाया जातात आणि पडदे पुन्हा वापरता येतीलच असं नाही. प्रमुखांचं म्हणणं, पावसाळा संपेपर्यंत असाच चालवू. माझं म्हणणं, लोखंड पडद्यात साचतंय, तेव्हा थांबलो तर पडदे तसेही जाणारच, वर पुरावाही पुसट होईल. धक्क्याच्या मालकांनी तोडगा काढला. चतुर्थीपर्यंत चालवा, मग आठवडाभर नाहीतरी सगळं बंद असतं, तेव्हा न्या.

त्या दिवसांत धक्क्यावर एक म्हातारे तांडेल माझ्याशी गप्पा मारायला यायचे. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "झिंक बांधलं नाही का तुम्ही?" ट्रॉलरच्या तळाला झिंकचे तुकडे लावतात, ते आधी झिजतात आणि लोखंड वाचतं. माझं निम्मं पोट त्याच झिंकवर चालतं. मी म्हटलं, "काका, झिंक झिजलं की तेही पाण्यात उतरतं. बोटीखाली समुद्र आहे, चालतं. इथे पाणी पडद्यात जातं." त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

उघडल्यावर

४१ प्लेटा मार्करने क्रमांक घालून, जुन्या वर्तमानपत्रांवर, होत्या त्याच क्रमाने मांडल्या. क्रम राखायचा हट्ट माझा होता. तो केला नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं.

पहिल्यांदा दिसली ती कार्बन पेपरवरची छाप. काळ्याभोर कागदावर नाल्यांच्या कडा तपकिरी रेषांनी उमटल्या होत्या, पेन्सिलने आखल्यासारख्या. भिंगाखाली प्लेट धरली तर नालीच्या सपाट माथ्यावर कोटिंग चकचकीत, पण पत्रा जिथे वळतो त्या वळणावर केसाएवढ्या भेगा, आणि प्रत्येक भेगेतून डाग उतरलेला. हे सगळ्या प्लेटांवर होतं, आणि हायड्रोजनच्या बाजूलाही तितकंच.

कारण तासाभरात मिळालं. पत्र्यावर आधी कोटिंग करून मग तो प्रेसमध्ये दाबला होता. तसं स्वस्त पडतं. कोटिंगवाल्यांचं प्रमाणपत्र खरं होतं, पण चाचणी झाली होती सपाट तुकड्यावर. वाकवलेला तुकडा कोणी तपासलाच नव्हता. हायड्रोजनच्या बाजूला पोटेन्शियल, म्हणजे विजेची पातळी, इतकं खाली असतं की उघड्या स्टेनलेसचा ऑक्साइड थर तिथे धड टिकत नाही, आणि भेगेतला पत्रा उघडाच.

दुसरा नमुना टोकाला होता. धन टोकाकडच्या सात-आठ प्लेटांवर, थंड पाण्याच्या भोकांभोवती, खोल खड्डे. ऋण टोकाकडे एकही नाही. तिथे वायू नाही, मीठ नाही, फक्त थंड ठेवणारं पाणी. स्टॅकच्या दोन टोकांत २५-३० व्होल्टचा फरक असतो आणि ते पाणी सगळ्या प्लेटांना शिवतं. पाणी शुद्ध असेल तर त्यातून वीज जवळपास वाहत नाही. त्यात क्षार आले की वाट मिळते, आणि वीज धन टोकाकडचा धातू सोडून पाण्यात उतरते तिथे तो खाल्ला जातो. टाकीतल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहू देण्याचं माप, ५ मायक्रोसीमेन्सच्या आत हवी होती. मीटरने २०० च्या वर दाखवली. चौकशीअंती कळलं की शिमग्याच्या सुट्टीत डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचा कॅन संपला होता आणि मदतनीस पोराने पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली होती. आयन शोषणाऱ्या रेझिनने काही आठवडे सावरलं, मग तेही भरलं. मीटर लावलेला होता, पण त्याचा अलार्म जोडायचा राहून गेला होता. पोराला कोणी रागावू नये, एवढं मी सांगितलं. कॅनवर "पाणी" एवढंच लिहिलेलं होतं.

तिसरा नमुना सगळ्यांत फसवा. हवा जिथून आत येते त्या टोकाला कॅथोडच्या बाजूचे डाग सगळ्यांत गडद. "बघा, मीठच!" प्रमुख म्हणाले. पण या स्टॅकमध्ये दोन वायू समोरासमोरून येतात, म्हणजे हवा जिथे शिरते तिथेच हायड्रोजन बाहेर पडतो. आणि त्या टोकाला कॅथोडचा कार्बन थरही पातळ झालेला सूक्ष्मदर्शकात दिसला. मीठ कार्बन खात नाही.

तो खातो चालू-बंद करण्याचा प्रकार. बंद पडलेल्या स्टॅकमध्ये हायड्रोजनच्या नाल्यांतही हवा भरते. पुन्हा सुरू करताना एका टोकाने हायड्रोजन शिरतो आणि दुसऱ्या टोकाला अजून हवा असते. त्या काही सेकंदांत, हवा उरलेल्या भागासमोरच्या कॅथोडचं पोटेन्शियल १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत चढतं. एवढ्याला कार्बन जळतो, आणि स्टेनलेसचा राखणदार क्रोमियमही विरघळून जातो. कंट्रोलरची नोंद काढली. सुरू होण्याची संख्या सहाशेच्या वर, चालण्याचे तास चारशेच्या आत. रोज सकाळी दहा मिनिटांची स्वयंचाचणी, आणि पावसाळ्यात दिवसातून चार-चार वेळा जाणारी वीज. आराखडा करणाऱ्यांनी दीर्घ काळ चालणारा स्टॅक कल्पिला होता. मिळाला तो दिव्याच्या बटणासारखा वापरला जाणारा.

त्या टोकाच्या डागांत मिठाचा वाटा किती आणि चालू-बंदचा किती, हे आम्हाला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही.

पर्याय

ग्रॅफाइट: गंजाचा प्रश्नच मिटतो, पण स्टॅक जड होतो, आणि सगळा साचा नव्याने. टायटॅनियम: पत्रा कित्येक पट महाग, दाबल्यावर मागे उसळतो म्हणून डाय बदलायची, आणि कोटिंग तरीही हवंच. सोन्याचा मुलामा एकाने सुचवला, चहाबरोबर तो संपला. कोणीतरी हायड्रोजनने धातू ठिसूळ होण्याची शंका काढली. ३१६ एलला या दाबाला आणि तापमानाला तिचं भय नसतं. कडक पोलादाच्या स्प्रिंगा तेवढ्या बघून घेतल्या.

खरा वाद झाला तो एकाच मुद्द्यावर. ३१६ एलच ठेवून आधी दाबायचं आणि मग कोटिंग करायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण कार्बनचं कोटिंग १ व्होल्टच्या वर स्वतःच झिजतं. चालू-बंद सुधारल्याशिवाय नवं कोटिंग म्हणजे गळक्या कौलाखाली नवा रंग. प्रमुखांना प्लेटा आधी हव्या होत्या, कारण त्या दिसतात, बिलात लिहिता येतात. कंट्रोलरमधल्या चार ओळी कोणाला दाखवणार? यावर दोन बैठका गेल्या.

काय केलं

कंट्रोलर आधी बदलला. बंद करताना आता हवा आधी थांबते, एक छोटा रेझिस्टर कॅथोडमधला उरलेला ऑक्सिजन संपवतो आणि हायड्रोजनची बाजू किंचित दाबाखाली मिटवली जाते. सुरू करताना हायड्रोजन जोरात आणि झटकन सोडला जातो, म्हणजे दोन वायूंची सीमा नालीत रेंगाळत नाही, आणि तेवढा वेळ रेझिस्टर जोडलेला राहतो. रोजची चाचणी आठवड्यावर नेली. छोट्या वीजखंडात पहिली दहा मिनिटं बॅटरी सांभाळते.

प्लेटा दाबून, धुऊन मग राज्याबाहेर कोटिंगला पाठवल्या. इथे एक मेख आहे. निर्वात भट्टीतलं हे कोटिंग समोर दिसेल त्या पृष्ठभागावर नीट बसतं, आणि नालीच्या उभ्या भिंती तिरक्या पडतात. म्हणून चाचणीचे तुकडे सपाट न घेता प्रत्यक्ष प्लेटच्या नालीतून कापले. ८० अंश, पीएच ३ चं सल्फ्युरिक आम्ल, त्यात ०.१ पीपीएम फ्लोराइड, २४ तास. पहिल्या खेपेतला एक तुकडा भिंतीपाशी नापास झाला. आख्खी खेप परत पाठवली. प्रमुखांचा चेहरा मला आठवतो, पण त्यांनी पाठवली. दुसऱ्या खेपेत प्लेटा फिरवत्या चौकटीत टांगून कोटिंग झालं आणि सगळे तुकडे १ मायक्रोअँपिअरच्या आत आले.

थंड पाण्याच्या टाकीला अलार्म जोडला. कॅनवर लाल अक्षरांत "हेच पाणी, दुसरं नाही" असं लिहिलं, कोकणीत आणि मराठीत.

परिणाम

नवा स्टॅक डिसेंबरात बसला. पुढच्या पावसाळ्याअखेर त्याच लोडला व्होल्टेज ०.६८ वरून ०.६७ वर आलं होतं. हवेच्या बाजूच्या पाण्यात लोखंड प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या खाली गेलं. हायड्रोजनच्या बाजूला अजूनही अगदी थोडं सापडतं. गास्केटच्या ओठाखाली ओलावा अडकतो, तिथे आमचा संशय आहे. चालू-बंदची संख्या वर्षाला दीडशेच्या आत आली.

पुन्हा करायचं झालं तर

पाण्याच्या बाटल्या पहिल्या दिवसापासून भरल्या असत्या. जानेवारीचं पाणी आमच्याकडे नव्हतं, म्हणून लोखंड केव्हा सुरू झालं हे कळलंच नाही. भेगा पहिल्या आठवड्यापासूनच्या होत्या, तेव्हा बहुधा ते समुद्राचं वारं सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं असणार.

फिल्टर बदलल्यावर दोन आठवडे जो थांबा दिसला, त्याने आम्हाला महिनाभर झोपवलं. त्याच पंधरवड्यात पाऊस उघडला होता आणि वीजही कमी गेली होती. विजेच्या खंडांची नोंद त्याच कंट्रोलरमध्ये होती, कोणी उघडून पाहिली नाही. मीही नाही.

आणि सगळे उपाय एकदम केले, ही चूक. चार गोष्टी बदलल्या, व्होल्टेज सावरलं, पण कशाने किती सावरलं ते सांगता येत नाही. दोन-चार सेल जुन्याच, आधी कोटिंग केलेल्या प्लेटांचे ठेवून तुलना करता आली असती. मी सुचवलं होतं, पण ग्राहकाच्या धक्क्यावर प्रयोग नको, असं प्रमुख म्हणाले. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. आता गाळ्यात पाच सेलचा एक छोटा स्टॅक जुन्या प्लेटांवर आणि नव्या कंट्रोलरवर चालतोय. त्याच्या खाली दोन बाटल्या लावल्या आहेत, आणि तारखा त्या इंजिनिअर बाईच घालतात.